वाळवंटातल्या अरुंद घळी: पुढची कोणती निवडावी? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकेतल्या झायन राष्ट्रीय उद्यानातल्या पाइन क्रीक, कीहोल, मिस्टरी या घळी उतरून झाल्या, कड्यावरून पाय सोडताना आता धडधडत नाही, आणि पुढे काय करावं हे ठरत नाही, अशा मंडळींकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विषय कोलोरॅडो पठारावरच्या, मुख्यतः दक्षिण युटातल्या, वालुकाश्माच्या अरुंद घळींचा, म्हणजे स्लॉट कॅन्यनचा आहे. अमेरिकेत स्थायिक झालेले मराठी लोक आणि सह्याद्रीत कॅन्यनिंग करून तिकडे सहलीला जाणारे, दोघांचेही प्रश्न यात आहेत. दोर बांधायला आत्ताच शिकत असाल तर आधी ते पक्कं करा. हे पान त्यानंतरचं आहे.

१. मी "अनुभवी" झालो की नाही हे कसं ठरवायचं?

किती घळी उतरलात यापेक्षा तिथे तुम्ही स्वतः काय केलंत ते पाहा. अँकर (दोर अडकवायचा पक्का आधार) दुसऱ्याने लावला, दोराची लांबी दुसऱ्याने ठरवली आणि तुम्ही फक्त हार्नेस घालून खाली आलात, असं दरवेळी झालं असेल तर बऱ्याच घळींनंतरही तुम्ही पाहुणेच आहात.

पाच गोष्टी कुणी न सांगता जमायला हव्यात. कातळात ठोकलेले बोल्ट नसताना दगडावर, झुडपावर किंवा वाळूत पुरलेल्या ओझ्यावर अँकर उभारणं. दोरावरून परत वर चढणं. दोरावर मध्येच अडकलेल्या साथीदाराला वरून खाली सोडणं, म्हणजेच भार असतानाही सोडता येईल अशा पद्धतीने दोर बांधणं. तीन-चार मीटरचा कातळ दोराविना उतरणं. आणि नकाशावरून घळीचं नेमकं तोंड शोधणं. ही शेवटची गोष्ट लोक हलक्यात घेतात. युटातल्या रॉबर्स रूस्टच्या पठारावर सगळ्या भेगा वरून सारख्याच दिसतात. चुकीच्या भेगेत उतरून दोर ओढून घेतला की पुढचं रॅपल (दोरावरून उतरायचा टप्पा) किती मोठं आहे, दोर पुरेल की नाही, यातलं काहीच हातात राहत नाही.

२. "३बी ३" किंवा "४ए ३ आर" याचा अर्थ काय?

हे घळींचं रेटिंग आहे. पहिला आकडा तांत्रिक अवघडपणाचा, १ ते ४. तीनमध्ये रॅपल आणि साधं प्रस्तरारोहण येतं. चारमध्ये बाहेर पडायला अवघड रांजणखळगे, अँकर उभारण्याची डोकेफोड किंवा उंचावरचं चिमणी-तंत्र (दोन भिंतींवर पाठ-पाय दाबून सरकणं) यापैकी काहीतरी असतं. अक्षर पाण्याचं: "ए" म्हणजे कोरडी किंवा घोटाभर पाणी, "बी" म्हणजे साचलेलं पाणी आणि पोहणं, "सी" म्हणजे वाहतं पाणी. शेवटचा आकडा वेळेचा, १ ते ६, मूळ पद्धतीत तो रोमन अंकात लिहितात. ३ म्हणजे दिवसाचा बहुतेक भाग, ४ म्हणजे लांबलचक पूर्ण दिवस. "आर" म्हणजे नेहमीपेक्षा जास्त धोका, "एक्स" म्हणजे चूक झाली तर जीव जाण्याचीच शक्यता.

हे रेटिंग नेहमीच्या परिस्थितीतलं असतं. रांजणखळग्यात आज किती पाणी आहे, गेल्या पुराने कुठे ओंडके अडकवले, गटात किती जण आहेत, हे त्यात नसतं. शिवाय ३ची व्याप्ती फार मोठी आहे. पाइन क्रीक ३ आणि एंगलस्टेडही ३, पण एकीचा शेवटचा उतार सुमारे ३० मीटरचा आणि दुसरीचा पहिलाच उतार सुमारे ९० मीटरचा.

३. सह्याद्रीतला कॅन्यनिंगचा अनुभव इथे चालतो का?

दोराची सवय, उंचीची सवय आणि कातळावरचा पाय पूर्ण चालतो. वाहत्या धबधब्यात उतरलेल्या माणसाला पाण्याबद्दल जी सावध जाण असते, ती इथल्या अनेक स्थानिकांकडेही नसते.

फरक तीन ठिकाणी पडतो. सह्याद्रीचा बेसॉल्ट टणक, तर इथला वालुकाश्म मऊ. दोर कडेवर घासला की कातळात खाचा पडतात आणि पुढच्यांचे दोर त्यात अडकतात. पावसानंतर तर हा दगड इतका कमजोर होतो की एक-दोन दिवस त्याच्या पातळ कडांवर भार टाकू नये. दुसरं म्हणजे, सांधण दरीसारख्या ठिकाणी ठरलेले अँकर मिळतात. युटात झायनबाहेर बहुतेक ठिकाणी अँकर तुम्हालाच उभारावा किंवा तपासावा लागतो (प्रश्न ११). तिसरं म्हणजे, इथे ८ ते ९ मिलिमीटरच्या एकेरी दोरावर उतरतात. साध्या "आठ"च्या आकाराच्या डिसेंडरमध्ये (दोरावर घर्षण देऊन उतरवणाऱ्या उपकरणात) त्यावर पुरेसं घर्षण मिळत नाही. उतरता उतरता घर्षण वाढवता येईल असा टोटेम, क्रिटर किंवा पिरान्या घ्या आणि त्याचा सराव घरीच करा.

४. मग पुढची घळ निवडायची कशी?

एका वेळी एकच नवी अडचण घ्यायची. निवडीचा आमचा सगळा हिशेब याच नियमावर चालतो.

पाइन क्रीकनंतर वाटा चार दिशांना फुटतात: अरुंद आणि उंच चिमणी-घळी, रांजणखळगे, मोठे रॅपल आणि थंड पाणी. ज्या दिशेला कच्चे आहात ती निवडा आणि बाकी तिन्ही बाबतीत ती घळ तुम्हाला सोपीच वाटेल असं पाहा. चिमणी शिकायची असेल तर कोरडी, छोटे उतार असलेली, रस्त्याजवळची घळ. रांजणखळगे शिकायचे असतील तर ऊन येणारी, लहान. झायनमधली हीप्स अवघड आहे ती एखाद्या जागेमुळे नाही. लांब चाल, गारठा, रांजणखळगे आणि शेवटी सुमारे ८५ मीटरचं अधांतरी रॅपल हे सगळं एकाच दिवशी, थकलेल्या शरीराने करायचं असतं. चारही गोष्टी वेगवेगळ्या जमल्याशिवाय तिथे जायचं नाही.

५. अरुंद, चिमणी मारत जायच्या घळी कोणत्या क्रमाने कराव्यात?

सुरुवात नॉर्थ वॉशमधून करा. हँक्सव्हिलहून हाइटकडे जाणाऱ्या ९५ क्रमांकाच्या महामार्गालगत लेप्रेकॉन, ब्लार्नी आणि हॉग नावाच्या घळींचा झुबका आहे. चाल थोडी, बाहेर पडलं की डांबरी रस्ता. इथे छाती-पाठ घासत आडवं सरकणं, पाठीवरची पिशवी काढून कमरेला लोंबती ठेवणं, गुडघे आणि कोपरं वापरणं हे अंगात मुरतं. मग शेनॅनिगन्स, जी खरोखर अंग आवळते. त्यानंतर रॉबर्स रूस्टमधली चेंबर्स, जिथे जमीन सोडून भिंतींच्या मधोमध अधांतरी बराच वेळ जावं लागतं.

उंचावरच्या चिमणीत थकवा हा खरा शत्रू असतो. तिथे दोर उपयोगाचा नसतो, कारण अँकरला जागाच नसते. भिंती एकदम रुंद होतात त्या ठिकाणाला तिकडे सायलो म्हणतात. तिथे पोचण्याआधी थांबून श्वास घ्यायचा, पलीकडची पकड डोळ्यांनी ठरवायची आणि मगच हलायचं. कोपर-गुडघ्यांना पॅड, जाड कापडाची लांब बाह्यांचे कपडे आणि पिशवीत शक्य तितकं कमी सामान ठेवा.

६. नॉर्थ वॉशमधली सँडथ्रॅक्स कधी करावी?

चेंबर्ससारख्या घळीत तासभर चिमणी मारूनही ताकद शिल्लक राहते, आणि गटातला किमान एकजण रुंद भेगेचं चढाईतंत्र जाणतो, तेव्हा. सँडथ्रॅक्सला "एक्स" आहे तो घटकाभरच्या थरारासाठी लावलेला नाही. जमिनीपासून बरंच वर, दोराविना सायलो ओलांडावे लागतात. तिथे मागे वळणं पुढे जाण्याइतकंच कठीण आहे.

७. रांजणखळगे म्हणजे आपल्या निघोजसारखेच ना? त्यात एवढं अवघड काय?

घडण तीच. पाण्याबरोबर फिरणारे दगड-वाळू कातळ कोरत जातात. कुकडीच्या पात्रात निघोजला आपण ते काठावरून बघतो. इथे घळीच्या तळाशीच ते एकामागोमाग एक असतात आणि प्रत्येकात उतरून पलीकडच्या गुळगुळीत काठावरून बाहेर यावं लागतं. काठ डोक्यापेक्षा दोन-अडीच मीटर वर असेल आणि पायाखाली जमीन लागत नसेल, तर माणूस आत अडकतो.

बाहेर पडायचे उपाय सोप्याकडून अवघडाकडे असे. पहिला, खांद्यावर चढवणं: सर्वांत हलका आणि चपळ माणूस सर्वांत आधी बाहेर. दुसरा, पिशवी दोराला बांधून काठापलीकडे फेकणं आणि तिच्या वजनाला धरून वर येणं. तिसरा, पॉटशॉट: वाळू भरलेल्या मजबूत पिशव्या, एकेक साधारण १० किलोची, दोन-तीन ओळीने बांधून पलीकडे टाकायच्या आणि दोरावर चढायचं. फेकताना मागच्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही. चौथा, आधीच्यांनी पाडलेल्या बारीक भोकांत हुक लावत चढणं. हा मात्र शिकवणाऱ्याबरोबरच शिकायचा.

मुख्य नियम: सगळे एकदम खड्ड्यात उतरायचे नाहीत. पहिला बाहेर निघेपर्यंत किमान एकजण वर, दोर हाताशी ठेवून.

सरावाला सॅन राफेल स्वेलमधली क्वांडरी चांगली. नंतर एस्कलांटेतली निऑन, जिचा शेवट गोल्डन कॅथेड्रलच्या छतातल्या भोकातून खालच्या डोहात होतो. असा शेवट दुसऱ्या कुठल्या घळीला नाही. झायनमधल्या इम्ले आणि हीप्स त्यानंतर.

८. दुष्काळी वर्षी पाणी कमी, मग घळी सोप्या होतात ना?

बहुतेक वेळा उलट होतं. रांजणखळगा काठोकाठ भरलेला असेल तर पोहत पलीकडे जाऊन सहज बाहेर पडता येतं. पाणी दोन मीटरने उतरलं की तोच काठ डोक्यावर जातो आणि तरंगत्या माणसाला खांद्यावर चढायला आधारही उरत नाही. पूर्ण कोरडा खड्डा मधला, कारण निदान उभं राहता येतं. सर्वांत वाईट अवस्था अर्धा भरलेला. म्हणून ताजा वृत्तांत वाचताना "पाणी होतं" एवढ्यावर थांबू नका. काठापासून किती खाली होतं ते शोधा, आणि त्या तारखेनंतर पाऊस पडला का तेही.

९. मोठ्या रॅपलसाठी दोर किती न्यायचा?

सर्वांत लांब उताराएवढा एक दोर, तेवढ्याच लांबीची ओढदोरी (उतरल्यावर दोर ओढून घ्यायची दोरी) किंवा दुसरा दोर, आणि वर एक सुटा दोर. हा तिसरा दोर अडकाअडकीसाठी असतो आणि त्यालाच लोक कात्री लावतात. ओढताना मुख्य दोर वर अडकून बसला तर पुढचे उतार उरलेल्या दोरावर करता यायला हवेत, असा हिशेब ठेवा.

क्रम असा घ्या: मिस्टरीचा व्हर्जिन नदीत संपणारा सुमारे ३५ मीटरचा उतार झालेला असेल तर बेहुनिन (शेवटी सुमारे ५० मीटर), मग एंगलस्टेड, मग हीप्स. ९० मीटरच्या उतारावर सुरुवातीला खालच्या दोराचं वजनच इतकं असतं की डिसेंडरमधून दोर पुढे सरकत नाही, आणि खाली येता येता ते वजन संपून वेग वाढतो. म्हणून घर्षण कमी ठेवून सुरू करायचं आणि वाटेत वाढवायचं. डिसेंडर तापतो; मध्येच थांबलात तर दोराचं आवरण वितळू शकतं. दोर कमी ताणणाऱ्या पॉलिएस्टरचा घ्या, कारण नायलॉन ताणत राहतो आणि कडेवर करवतीसारखा पुढे-मागे होतो.

१०. बाहेर ३५ अंश असताना वेटसूट कशाला?

घळीच्या तळाला ऊन पोचत नाही आणि साचलेलं पाणी उन्हाळ्यातही बर्फगार राहतं. शरीर गारठलं की आधी बोटं जातात, म्हणजे गाठी मारणं आणि कॅराबिनर (दोर अडकवायच्या उघडझाप कड्या) हाताळणं जातं, मग निर्णय चुकायला लागतात. पाइन क्रीक, कीहोलला मोसमात ३ मिलिमीटरचा पूर्ण सूट. इम्ले, हीप्सला ४/३ किंवा ५ मिलिमीटर, डोक्याला हूड आणि पायात निओप्रीनचे मोजे. वसंतात ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न येणारा सूट. बारीक माणूस लवकर गारठतो. त्याला एक जाडी वर घ्या.

थंड पाण्याची सवय करायला व्हाइट कॅन्यनमधला ब्लॅक होल बरा, कारण तिथे दोराचं काम जवळपास नसतं आणि पोहणं भरपूर असतं. एस्कलांटेतली चॉपरॉक ही त्याच्या पुष्कळ पुढची पायरी आहे: काळोखी, अरुंद, थंड, आणि पुरानंतर ओंडक्यांनी तुंबणारी. झायनची कोलोब क्रीक वाहत्या पाण्याची असून वरच्या जलाशयातून किती पाणी सोडलंय यावर अवलंबून आहे. १९९३ मध्ये तिथल्या वाढलेल्या प्रवाहात मुलांच्या गटाबरोबर गेलेल्या दोन प्रौढांचा मृत्यू झाला. विसर्गाचा आकडा पाहिल्याशिवाय तिथे जायचं नाही.

११. अँकरवर आधीच वेबिंग (चपटी मजबूत पट्टी) बांधलेलं असतं. ते वापरावं का?

पूर्ण वळसा हाताने चाचपून झाल्यावरच. दगडामागची, न दिसणारी बाजू उंदरांनी कुरतडलेली असते. उन्हातली बाजू कडक आणि फिकट पडलेली असते. गाठीच्या आत वाळू जाऊन धागे कापलेले असतात. शंका आली तर कापा, नवं बांधा आणि जुनं खाली घेऊन या. जुन्यावर नवं चढवत गेलं की दगडाभोवती गुंडाळा साचतो आणि त्यातलं कोणतं भार घेतंय ते कुणालाच कळत नाही. सोबत १० ते १५ मीटर वेबिंग, पाच-सहा क्विक लिंक (दोर ओवायच्या कड्या) आणि चाकू हवाच. वेबिंग तपकिरी किंवा काळं घ्या. भडक रंग घळीत मैलभरावरून डोळ्यात खुपतो.

कडी कडेच्या पलीकडे लोंबेल इतकं वेबिंग लांब ठेवा. त्याने दोर सहज ओढला जातो आणि दगडात खाच पडत नाही.

मागे काहीही न सोडण्याच्या पद्धती, म्हणजे वाळू भरलेला सँडट्रॅप किंवा गाठीत काडी अडकवणारी फिडलस्टिक, उत्तम आहेत, पण शेवटच्या माणसाचा सगळा धोका त्यात एकवटतो. बाकी सगळे उतरताना फिडलस्टिकला कॅराबिनरचा आधार ठेवा, तो फक्त शेवटच्याने काढायचा. सँडट्रॅपला पहिले काही जण उतरताना एका माणसाने मागे बसून दोराला आधार द्यायचा; भार पडल्यावर तो सरकत नाही हे डोळ्यांनी पाहिल्यावरच आधार काढायचा. शेवटी उतरणारा हलका आणि कसलेला असावा.

१२. दोर ओढताना अडकला तर?

अडकू नये यासाठी एक सवय लावून घ्या: शेवटचा माणूस वर असतानाच खालच्याने एक-दीड मीटर ओढून पाहायचं. हलत नसेल तर वरचा माणूस गाठ कडेपलीकडे सरकवतो किंवा दोराची जागा बदलतो. दोन मिनिटांचं काम.

तरीही अडकलाच तर जोर लावण्याआधी ओढण्याचा कोन बदला, भिंतीपासून लांब जा, लाटा सोडा. दोन-तीन जणांनी लोंबकळून ओढलं की गाठ खाचेत आणखी रुतते. दोराची दोन्ही टोकं हातात असतील तर दोन्ही पदरांवर भार घेऊन वर चढून सोडवता येतो. एकच टोक हातात असेल तर वर तो कशात अडकलाय ते दिसत नाही, त्यामुळे त्यावर चढू नका. हाती आहे तेवढा कापा आणि सुट्या दोरावर पुढे चला (प्रश्न ९).

१३. कोणता महिना चांगला?

मध्य एप्रिल ते मध्य जून आणि मध्य सप्टेंबर ते ऑक्टोबर. जुलै ते सप्टेंबरची सुरुवात हा तिथला मोसमी पावसाचा काळ. दुपारी अचानक वादळी सरी येतात. त्या काळात गेलातच तर लहान घळ, पहाटे सुरुवात आणि दुपारी बाराच्या आत बाहेर. कोरड्या चिमणी-घळी गार हवेतही करता येतात. हिवाळ्यात डेथ व्हॅलीच्या कोरड्या, मोठ्या उतारांच्या घळींकडे वळणारेही बरेच आहेत.

१४. पुराचा अंदाज कसा वाचायचा? डोक्यावर आभाळ स्वच्छ असेल तर?

डोक्यावरचं आभाळ काहीच सांगत नाही. १२ ऑगस्ट १९९७ रोजी लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक वाहून गेले, ते कित्येक मैलांवर झालेल्या वादळी पावसामुळे. उघड्या कातळात पाणी मुरत नाही. पडलेला सगळा पाऊस घळीच्या तोंडाकडे धावतो.

म्हणून आधी नकाशावर घळीचं पाणलोट क्षेत्र आखा आणि अंदाज त्या सगळ्या क्षेत्राचा बघा. झायनसाठी हवामान खातं रोज पुराची शक्यता चार पायऱ्यांत जाहीर करतं: अपेक्षित नाही, शक्य, संभाव्य, अपेक्षित. "शक्य" असताना मोठ्या पाणलोटाची किंवा मध्ये सुटका नसलेली घळ सोडा. "संभाव्य" आणि "अपेक्षित" असताना कोणतीही घळ सोडा. घळ लहान आहे म्हणून चालेल, असं होत नाही. कीहोल दोन-तीन तासांची, सोपी समजली जाणारी घळ. १४ सप्टेंबर २०१५ रोजी तिथे सात जणांचा गट पुरात सापडला आणि सातही जण गेले. त्या दिवशीचा दर्जा "संभाव्य" होता.

१५. आत असताना पाऊस सुरू झाला किंवा पाणी गढूळ झालं तर?

पाणी अचानक गढूळ होणं, काटक्या वाहून येणं, वाऱ्याचा झोत किंवा वरून घरघर, यातलं एकही दिसलं-ऐकलं की त्याच क्षणी उंच जागा गाठायची. सामान सोडा. मिळेल त्या कट्ट्यावर चढा आणि पाणी उतरल्यावरही लगेच निघू नका, मागून दुसरी लाट येते. पाण्याच्या पुढे पळत बाहेर निघायचा विचार करू नका. निवड करतानाच सुटकेच्या जागा नकाशावर खुणावून ठेवा (प्रश्न १९).

१६. गट किती जणांचा असावा? एकट्याने जावं का?

तीन ते पाच. दोघांत एक जखमी झाला तर उरलेला अडकतो. आठ-दहा झाले की प्रत्येक उतारावर थांबून लोक गारठतात आणि चार तासांची घळ आठ तास घेते. चिमणी-घळीत तिघे उत्तम, रांजणखळग्यांत चौघे-पाच.

एकट्याने जाऊ नका. युटातल्या ब्लूजॉन घळीत २६ एप्रिल २००३ रोजी एरन रॅल्स्टनचा हात सरकलेल्या दगडाखाली सापडला. कुठे जातोय हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि पाच दिवसांनी स्वतःचा हात कापून त्याला बाहेर पडावं लागलं. घळीत अडकलेला प्रत्येक दगड हलू शकतो असं धरून चालायचं, आणि घळीचं नाव, गाडी कुठे आहे आणि कितीपर्यंत फोन आला नाही तर शेरीफला कळवायचं, हे लिहून कुणाकडे तरी ठेवायचं.

१७. परवाने आणि वाटाड्या यांचं काय?

झायनमध्ये प्रत्येक तांत्रिक घळीला परवाना लागतो आणि सबवेसारख्या गर्दीच्या ठिकाणी लॉटरी असते. उद्यानाच्या आत तांत्रिक घळींत पैसे घेऊन वाटाडेगिरी करायला परवानगी नाही. स्प्रिंगडेलमधल्या संस्था उद्यानाबाहेरच्या घळींत नेतात. त्यामुळे "गाइडबरोबर हीप्स" असं काही मिळत नाही, स्वतः सक्षम होऊनच जावं लागतं. आर्चेस आणि कॅपिटल रीफ इथेही कॅन्यनिंगचा परवाना घ्यावा लागतो. नवाजो राष्ट्राची जमीन ही त्यांची आहे. अँटिलोप नवाजो वाटाड्याबरोबरच पाहता येते आणि इतरत्र परवानगीशिवाय पाऊल ठेवू नये.

शौचासाठी पिशव्या न्या आणि भरलेल्या परत आणा. अरुंद घळीत पुरायला जागा नसते आणि पुढच्या पुरात ते सगळं डोहात जातं. पठारावर काळसर, खडबडीत सजीव मातीचा थर दिसेल, तो तुडवू नका. कातळावरून किंवा ओढ्याच्या वाळूतून चाला.

१८. भाड्याची गाडी चालेल का? मोबाइल, सॅटेलाइट यंत्र?

नॉर्थ वॉशला चालेल. एस्कलांटेचा होल-इन-द-रॉक रस्ता आणि रॉबर्स रूस्टचे रस्ते कच्चे आहेत. बहुतेक भाडेकरार कच्च्या रस्त्याला मनाई करतात, तो मुद्दा सही करण्याआधी वाचा. चिकणमातीचा रस्ता पाऊस झाला की चारचाकी-चालनाची गाडीही घसरवतो. पाणी माणशी किमान आठ लिटर गाडीत, आणि टाकी हँक्सव्हिल किंवा एस्कलांटे गावातच भरा.

सॅटेलाइट संदेश यंत्र न्याच, पण घळीच्या तळातून आकाशाची फट एवढी बारीक असते की संदेश जात नाही. ते मुख्यतः चालीवर आणि बाहेर पडल्यावर उपयोगी. मदत आली तरी पोचायला कित्येक तास लागतात, म्हणून उबदार थर, हेडलॅम्प आणि रात्र काढण्याइतकं खाणं प्रत्येकाच्या पिशवीत हवं.

१९. अर्ध्यात वाटलं की जमत नाही, तर परत फिरता येतं का?

पहिला दोर ओढून घेईपर्यंत हो. त्यानंतर बहुतेक घळींत नाही. म्हणून पहिल्या रॅपलवर सगळे खाली आले की दोर लगेच ओढू नका. थांबा, प्रत्येकाला विचारा, घड्याळ पाहा, पाण्याची पातळी पाहा. ठरवलेल्या वेळेपेक्षा तासभर मागे असाल किंवा पहिला खड्डा अपेक्षेपेक्षा रिकामा असेल, तर दोरावर चढून परत जा.

काही घळींना मध्ये बाहेर पडायच्या जागा असतात. लेप्रेकॉन, क्वांडरी यांसारख्यांची निवड करताना वृत्तांतातून अशा जागा शोधून, त्यांचे अक्षांश-रेखांश यंत्रात आणि कागदावर दोन्हीकडे नोंदवा. यंत्र घळीत जागा चुकीची दाखवतं, त्यामुळे "तिसऱ्या रॅपलनंतर उजवीकडची वाळूची उतरण" अशी खूणही लिहा. आणि मध्ये सुटकाच नाही असं कळलं, तर त्या घळीला गटातल्या सर्वांत कच्च्या माणसाच्या मापाने मोजा.

२०. गटातला एकजण आडव्या बांध्याचा आहे. त्याला कुठे न्यावं?

मोठ्या रॅपलच्या आणि पाण्याच्या घळींत: बेहुनिन, एंगलस्टेड, ब्लॅक होल. तिथे बांध्याने काही अडत नाही. लेप्रेकॉन, शेनॅनिगन्समध्ये खाली जमीन गाठून सरकता आलं नाही तर त्याला इतरांपेक्षा वर, रुंद भागातून चिमणी मारत जावं लागतं. म्हणजे बारीक माणसाला जी घळ सोपी, तीच त्याला "आर"च्या दर्जाची होते. छातीची जाडी आडवी मोजून घ्या, हेल्मेट आणि हार्नेससकट. अडकलाच तर श्वास सोडून, एक हात वर आणि एक खाली करून, आला त्याच दिशेने वर सरकवा. पुढून ओढलं की तो आणखी खाली, आणखी अरुंद जागेत बसतो. त्याच्या पुढे एक आणि मागे एक असे दोघे कायम ठेवा, आणि मागच्याकडे दोर व पायाला अडकवायची स्लिंग असू द्या.